लोकमान्यांची साखर

टिळकांवर लेख आहे म्हटल्यावर निम्मे लोक पान उलटणार हे मला माहीत आहे. १ ऑगस्टची भाषणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर झोपेतही सांगता येईल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझे टिळक इंग्रजीतले, रिकाम्या जागा भरण्यापुरते. मराठीतून त्यांच्याबद्दल सलग असं मी पहिल्यांदा वाचलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि तेही भलत्याच कारणाने. (लेखातल्या र्‍हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील अशी आशा आहे!)

आमचं गाव काटेवाडी. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात येतं. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, तेच हे गाव. बाकी चहूकडे ऊस. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यभर ऊस लावला, कारखान्याला घातला आणि साठीच्या आसपास त्यांच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली. आमच्याकडे मधुमेह असं कोणी म्हणत नाही, 'शुगर आहे' म्हणतात. दहा-बारा वर्षं गोळ्यांवर भागलं. मग डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितलं आणि आबांनी साफ नकार दिला. एकदा सुई लागली की माणूस संपला, असं त्यांचं मत. त्यात ते माळकरी. ते औषध जनावराच्या अंगातून काढतात असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलेलं. आजीने सांगितलं, बाबांनी सांगितलं, आत्या फोनवर रडली. आबा हलले नाहीत.

सुट्टीत दुपारी करमेना म्हणून मी माडीवरचं कपाट उघडलं. त्यात टिळकांचं एक जुनं चरित्र सापडलं, पुठ्ठा निघालेलं. चाळता चाळता एका ओळीवर थांबले. टिळकांना मधुमेह होता! इतकी वर्षं शाळेत शिकून हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. त्या सेमिस्टरला कंट्रोल सिस्टीम्स हा विषय नुकताच माझ्या मानगुटीवर बसून गेला होता. त्यामुळे टिळकांचं आयुष्य मी जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागले. तेच इथे सांगते.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, व्हायवा नाही.

आपल्या शरीरात निरोप पोचवण्याच्या दोन व्यवस्था आहेत. एक मज्जातंतूंची, म्हणजे वायरिंग. दुसरी ग्रंथींची. मेंदूच्या तळाशी पीयूषिका, गळ्यात थायरॉईड, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल, पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड. या ग्रंथी आपली रसायनं थेट रक्तात सोडतात. रक्त ती सगळीकडे नेतं, पण ज्या पेशींवर त्यांच्यासाठी जागा आहे त्याच पेशी निरोप ऐकतात. या रसायनांना मराठीत संप्रेरक म्हणतात, सगळे हार्मोन म्हणतात.

आता एक हिशोब करा. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला साधारण १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुकोज. गुणाकार केला तर संपूर्ण रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा साखर! आणि रसवंतीतल्या एका ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम असते. तो ग्लास पिऊनही निरोगी माणसाची साखर थोडी वर जाते आणि दोन-तीन तासांत पुन्हा जागेवर येते. हे काम स्वादुपिंडातले पेशींचे छोटे छोटे पुंजके करतात. साखर वाढली की त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. मग स्नायू आणि चरबी साखर आत घेतात, यकृत ती साठवून ठेवतं. साखर कमी झाली की शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत साठा मोकळा करतं. सेन्सर, कंट्रोलर, सेट पॉइंट, निगेटिव्ह फीडबॅक, सगळं त्यात आहे. आपण लॅबमध्ये टेंपरेचर कंट्रोलला घाम गाळतो, ते इथे चोवीस तास चालू असतं.

मधुमेहात हा लूप बिघडतो. टाईप वनमध्ये बीटा पेशीच नष्ट होतात. टाईप टूमध्ये आधी स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून कसंबसं निभावतं आणि काही वर्षांनी तेही थकतं. कंट्रोलर सॅच्युरेट झाला म्हणा ना.

आता टिळकांकडे वळू.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीत. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. मुलगा दहाचा. गणितात आणि संस्कृतात विलक्षण हुशार, पण अंगाने अगदीच किरकोळ. १८६९ मध्ये, म्हणजे बाळ तेरा वर्षांचा असताना, बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून स्वादुपिंड बघितलं आणि त्याला त्यात वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नाही. तसंच त्याने प्रबंधात लिहून टाकलं. आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असं कधी लिहू का?

सोळाव्या वर्षी टिळकांचे वडील गेले. आई त्याआधीच गेली होती. लग्न झालेलं होतं. अशा परिस्थितीत हा मुलगा डेक्कन कॉलेजात गेला आणि पहिल्या वर्षी त्याने काय केलं? अभ्यास बाजूला ठेवला! तब्येत कमवायची म्हणून वर्षभर तालीम, पोहणं आणि खाणंपिणं. परिणामी त्या वर्षी नापास. (आपल्यापैकी ज्यांना के.टी. लागली आहे त्यांनी ही ओळ घरी दाखवायला हरकत नाही, पण सोबत कमावलेलं शरीरही दाखवावं लागेल.) पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए., मग १८७९ मध्ये एलएल.बी.

ते वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, हे आज माहीत आहे. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. टिळकांना एवढंच कळत होतं की जे काम करायचं आहे ते किरकोळ शरीराला झेपणार नाही.

आणि काम तरी किती! १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तिथे ते गणित शिकवायचे. १८९० मध्ये मतभेद होऊन सोसायटी सोडली. मग पूर्णवेळ 'केसरी' आणि राजकारण, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव, त्यानंतर शिवजयंती. शिवाय त्याच वर्षी, १८९३ ला, वेदांचा काळ ग्रहताऱ्यांवरून काढणारा 'ओरायन' हा ग्रंथ.

टिळक फर्ग्युसनमध्ये शिकवत होते त्याच काळात, १८८९ मध्ये, स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून बघितलं. कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. म्हणजे इतकी वर्षं जे फक्त पचनाचं अवयव समजलं जायचं, त्याच्याच हातात साखरेची किल्ली होती. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी मधुमेहाचं वर्णन फार पूर्वी केलेलं आहे, लघवी गोड होते हेही त्यांना ठाऊक होतं. पण ती गोड का होते याचा पत्ता आता लागत होता.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग, रँडचा खून, आणि टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला. दीड वर्षाची सक्तमजुरी. साधारण वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये, ते सुटले तेव्हा तब्येत चांगलीच ढासळलेली होती. नंतर ताई महाराज प्रकरण. दत्तकाच्या वादातून टिळकांवरच फौजदारी खटले झाले आणि ते निस्तरायला वर्षं गेली. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. त्याच वर्षी त्यांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झाला. हा माणूस कशाने थांबायचा ते कळत नाही.

इथे दुसऱ्या एका ग्रंथीबद्दल सांगायला पाहिजे. संकट आलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. दोन्ही रक्तातली साखर वाढवतात, कारण शरीराला वाटतं आता पळायचं किंवा लढायचं आहे, इंधन तयार ठेवा. वाघ समोर आला तर हे उपयोगाचं. पण संकट जर कोर्टाच्या तारखांसारखं वर्षानुवर्षं चाललं, तर ती वाढलेली साखर जाणार कुठे? टिळकांना मधुमेह यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, तसं कोणीच सांगू शकणार नाही. पण अंगात त्याची तयारी असेल तर अशा आयुष्याने तो लवकर वर येतो, एवढं आज डॉक्टर सांगतात.

१९०५ हे वर्ष आपल्याला वंगभंगामुळे पाठ आहे. स्वदेशी, बहिष्कार, लाल-बाल-पाल. त्याच वर्षी जून महिन्यात लंडनला अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने आपल्या व्याख्यानांत एक नवा शब्द वापरला, हार्मोन. ग्रीक शब्दावरून घेतलेला, अर्थ साधारण 'चेतवणारा'. टिळक देश चेतवत होते तेव्हा शास्त्राला हा शब्द मिळाला, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडला.

मग १९०८. 'केसरी'तल्या लेखांवरून २४ जूनला मुंबईत अटक झाली. खटला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केलं होतं. आता त्यांनीच जामीन नाकारला आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५३ वं वर्ष लागणार होतं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. त्यावेळी टिळकांना मधुमेह होता. आधी साबरमती, मग सप्टेंबरमध्ये बोटीने ब्रह्मदेश आणि तिथून मंडाले. सक्तमजुरी बदलून साधी कैद झाली, हीच काय ती सवलत.

मंडालेची लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. मराठी बोलायला स्वयंपाकासाठी दिलेला एक कैदी. आणि अंगात असा आजार, ज्यावर त्या वेळी जगात कुठेही औषध नव्हतं. लक्षात घ्या, औषध महाग नव्हतं, दूर नव्हतं, नव्हतंच. लघवीतली साखर प्रयोगशाळेत तपासता यायची. पण आज आबांच्या उशाशी पडलेलं ग्लुकोमीटर, बोटाला टोचलं की पाच सेकंदांत आकडा, असलं काही कल्पनेतही नव्हतं. आपल्या भाषेत, कंट्रोलर बिघडलेला आणि सेन्सरही हातात नाही. उरला फक्त इनपुट.

टिळकांनी तोच धरला. रोजचा नेहमीचा आहार बदलून सातूच्या पिठाच्या पदार्थांवर आणि दूध-दह्यावर भर दिला. सातू म्हणजे जव. आज त्याचं कारण सांगता येतं. जवात विरघळणारे तंतू भरपूर असतात, ते आतड्यात चिकट गरासारखे होतात आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. म्हणजे बिघडलेल्या लूपवर एकदम स्टेप इनपुट देण्याऐवजी सावकाश रँप दिला. टिळकांना ही समीकरणं माहीत नव्हती. पथ्याने बरं वाटतं हा अनुभव होता आणि ठरवलं की पाळायचं हा स्वभाव होता. आपल्या मेसमध्ये आठवडाभर साखर सोडून दाखवा, मग त्या सहा वर्षांची किंमत कळेल. मी करून बघितलं. चौथ्या दिवशी गुलाबजाम होते.

याच खोलीत १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, 'गीतारहस्य' लिहून झालं. शाई मिळत नव्हती, पेन्सिलीने लिहिलं. पानं मोजून नंबर टाकलेल्या बांधीव वह्या. याशिवाय पाली, फ्रेंच, जर्मन यांचा अभ्यास. मधुमेह आटोक्याबाहेर गेला की माणसाला सतत तहान लागते, थकवा येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं चालत नाही. हे मी आबांच्या बाबतीत बघितलं आहे. त्यामुळे 'गीतारहस्य' मी वाचलेलं नसलं (खरं तेच सांगते), तरी त्यामागे सातूचं पीठ आहे एवढं मला कळतं.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळकांना तुरुंगात कळवण्यात आलं. अखेर जून १९१४ मध्ये एका रात्री त्यांना पुण्यात गायकवाड वाड्यावर आणून सोडलं. वय ५७.

त्या काळात अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाचे डॉक्टर मधुमेहावर उपासाचा उपचार करत होते. टाईप वनच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे. मुलं थोडी जास्त जगायची, पण हाडांचा सापळा होऊन. जगातला सगळ्यात आधुनिक उपचार हा होता. टिळक इन्सुलिनशिवाय निदान बारा वर्षं काम करत राहिले, यावरूनच त्यांचा मधुमेह आपण आज टाईप टू म्हणतो तसा असावा असं वाटतं.

आणि काम पुन्हा सुरू. १९१५ ला 'गीतारहस्य' छापून आलं. १९१६ ला होमरूल लीग, साठाव्या वाढदिवसाला लोकांनी दिलेली एक लाखाची थैली, जी त्यांनी देशकार्याला दिली, आणि वर्षाअखेरीस लखनौ करार. गावोगाव दौरे. १९१८ ला चिरोलविरुद्धच्या दाव्यासाठी विलायत. दावा हरले, खर्चात बुडाले, पण तिथेच राहून स्वराज्याचा प्रचार केला आणि १९१९ च्या शेवटी परत आले. गंमत बघा, स्टार्लिंग त्या काळी लंडनमध्येच प्राध्यापक होते. हार्मोन हा शब्द देणारा माणूस आणि इन्सुलिन कमी पडणारा माणूस एकाच शहरात राहिले.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला आले, मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. ताई महाराज प्रकरणाचा हायकोर्टातला निकाल त्याच सुमारास त्यांच्या बाजूने लागला. गाडीतून फिरून आल्यावर थंडी वाजून ताप भरला. तापाचा न्यूमोनिया झाला. मधुमेहाच्या माणसाला साधा संसर्गही का भारी पडतो, तर साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. उलट संसर्गामुळे कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, त्याने साखर आणखी वाढते. इथे फीडबॅक उलटा होतो, पॉझिटिव्ह, आणि सिस्टीम अस्थिर होते. १ ऑगस्ट १९२० ला मध्यरात्र उलटून गेल्यावर टिळक गेले. वय ६४. चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत अंत्यसंस्कार झाले.

आता तारखा बघा. ३० जुलै १९२१, म्हणजे टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीला दोन दिवस बाकी. कॅनडात टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मधुमेही कुत्र्याला स्वादुपिंडाचा अर्क टोचला आणि साखर उतरली. बेस्ट तेव्हा बावीस वर्षांचा, आपल्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा. मॅक्लिऑड यांची प्रयोगशाळा, कॉलिप यांनी केलेलं शुद्धीकरण. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. पहिला अर्क अशुद्ध होता, बारा दिवसांनी दिलेला दुसरा लागू पडला. १९२३ ला नोबेल मिळालं. पेटंट त्यांनी विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकलं.

वर्षभर उशीर, असं वाचून मला फार वाईट वाटलं. पण सरळ विचार केला पाहिजे. न्यूमोनियावर खरं औषध म्हणजे पेनिसिलिन, त्याचा शोध १९२८ चा आणि वापर १९४० नंतरचा. त्यामुळे नुसत्या इन्सुलिनने टिळक वाचले असते असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. फक्त एवढं खरं की त्यांचं शरीर जी गोष्ट मागत होतं, ती देणं तेव्हा कोणाच्याच हातात नव्हतं. आज आहे.

आणि आज गरज किती आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर आहेत. आपण सडपातळ आहोत म्हणून सुटलो असं समजू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून चरबी, ही आपल्या लोकांची खासियत. ती आईच्या पोटात असल्यापासून सुरू होते, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांचा अभ्यास करून दाखवलं. हॉस्टेलवर रात्री दोनला मॅगी आणि सबमिशनच्या आठवड्यात दिवसाला सात चहा घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांनी एकदा तपासून घ्यावं.

तर मी हे सगळं दोन संध्याकाळी पडवीत बसून आबांना सांगितलं. टिळकांचं नाव असल्यामुळे त्यांनी ऐकून घेतलं, नाहीतर उठून गोठ्यात गेले असते. ब्रह्मदेशातलं पथ्य त्यांना फार आवडलं. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. टिळकांना इन्सुलिन मिळालं असतं तर त्यांनी घेतलं असतं का? कारण सुरुवातीचं इन्सुलिन खरंच गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. आणि टिळक म्हणजे पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून प्रायश्चित्त घेतलेला माणूस.

मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, की टिळकांपुढे तो प्रश्न कधी आलाच नाही, तुमच्यापुढे आला आहे. आणि १९८२ पासून माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेतात, दही लावतो तसंच विरजण समजा, फक्त मोठ्या टाकीत. कुठल्याही जनावराला त्यासाठी मारत नाहीत. तुमच्या स्वादुपिंडात जे बनायचं तेच आहे, ते थकलंय म्हणून बाहेरून भर घालायची. बोअरचं पाणी कमी पडलं की आपण कॅनॉलचं पाणी घेतोच की.

आबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पाडव्याला सकाळी त्यांनी बाबांना गाडी काढायला सांगितली आणि डॉक्टरांकडे गेले.

आता रोज रात्री जेवणाआधी ते स्वतः पेन लावतात. इन्सुलिन फ्रिजच्या दारात दह्याच्या भांड्याशेजारी असतं. आकडा वहीत लिहितात, उसाचे हप्ते लिहितात त्याच वहीत, मागच्या पानापासून. दर रविवारी मला फोनवर सगळे आकडे वाचून दाखवतात. गेल्या महिन्यात एकदा १६८ आला तेव्हा कारण विचारलं, तर बराच वेळ गप्प. मग आजीने मागून ओरडून सांगितलं, शेजारी गुऱ्हाळ चालू झालंय म्हणून.

– टी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), लेडीज हॉस्टेल